रात्रीचा जमाखर्च

व्यापारी घरात हिशेबाबाहेर सहसा काही राहत नाही. पोत्यामागे घट किती आली, कोणाची उधारी किती दिवसांची झाली, ट्रकचे भाडे किती देणे आहे, हे सारे कोठे ना कोठे लिहिलेले असते. एका गोष्टीची नोंद मात्र पिढ्यान्‌पिढ्या कोणी ठेवली नाही, ती म्हणजे झोप. दुकान बंद झाले, रोजमेळ जुळला, नवकार म्हणून अंथरुणाला पाठ टेकली की पुढचे सहा-सात तास वहीच्या बाहेरचे. ते कसे गेले याचा निवाडा सकाळी दोन शब्दांत होई : ‘झोप झाली’ किंवा ‘झोप नाही झाली’.

इंदापूरच्या पेठेतील एका किराणा-भुसार व्यापाऱ्यांच्या घरी ही नोंद सुरू झाली, ती दिवाळीत मुलाने पुण्याहून आणलेल्या मनगटी बँडमुळे. घरात आणि पेठेत त्यांना सारे काकाजी म्हणतात. वय छप्पन्न, शरीर स्थूल, चार वर्षांपासून रक्तदाबाची गोळी सुरू. मुलाचा हेतू वडिलांनी रोज थोडे चालावे एवढाच होता. पण पावलांच्या आकड्याने काकाजींचे मन वेधले नाही. दिवसभर गादीवर बसणाऱ्या माणसाला तो आकडा सुखाचा नसतोच. त्यांना धरून ठेवले ते सकाळी मोबाईलवर उमटणाऱ्या रात्रीच्या आलेखाने. किती वाजता डोळा लागला, किती वाजता जाग आली, गाढ झोप किती, हलकी किती, स्वप्नांची किती, आणि शेवटी शंभरपैकी गुण. इतका नेटका जमाखर्च त्यांनी दुकानाबाहेर कधी पाहिला नव्हता.

त्यांनी एक साधी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, झोपेचे तास, गुण आणि ‘शेरा’. मोबाईलमध्ये सारे आपोआप साठते, असे मुलाने सांगून पाहिले. पण हाताने लिहिल्याखेरीज आकडा आपला होत नाही, ही त्यांची जुनी धारणा. दोन-तीन महिन्यांत त्या वहीने काही गोष्टी खरोखर दाखवून दिल्या. दर महिन्याच्या अकरा आणि वीस तारखेच्या आधीच्या रात्री आखूड होत्या, कारण जीएसटीची विवरणपत्रे त्या तारखांना भरायची असतात. रविवारी उशिरापर्यंत झोपले की सोमवारची रात्र बिघडे. लग्नसराईत आठवडेच्या आठवडे विस्कटलेले दिसत. चोविहारामुळे संध्याकाळचा डबा सूर्यास्तापूर्वीच दुकानात येत असे. निजण्याच्या दोन-तीन तास आधी जेवण उरका, अशी सूचना बँडने एकदा दिली, तेव्हा काकाजी हसले. आपल्याला जी गोष्ट आईने शिकवली ती हे यंत्र आता सांगू लागले, असे त्यांनी पेठेत दोन-चार जणांना ऐकवलेही.

येथवर बँड कामाचा होता. कधी निजलो, कधी उठलो, रोजची वेळ किती पुढे-मागे झाली, एवढे तो बऱ्यापैकी सांगतो, आणि पुष्कळांना तेवढे कळणे पुरेसे असते. अडचण येते ती त्यापुढच्या आकड्यांची.

मनगटावरच्या या पट्ट्याला झोप दिसत नाही. त्याला दिसते ती दोन गोष्टींची सावली. आतला एक लहानसा घटक हाताची हालचाल टिपतो. हात बराच वेळ निश्चल राहिला की माणूस झोपला, असे तो धरून चालतो. दुसरे साधन म्हणजे कातडीला टेकलेला हिरवा प्रकाश. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातील रक्त वाढते नि ओसरते, तसा परतून येणारा प्रकाश कमी-जास्त होतो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. गाढ झोपेत नाडी संथ आणि समान असते, स्वप्नांच्या झोपेत ती अनियमित होते. या दोन खुणांवरून यंत्र अंदाज बांधते आणि तो अंदाज रंगीत पट्ट्यांत मांडते. थकलेल्या येण्याची चिंता करीत एखादा मनुष्य पहाटे तीन वाजता डोळे उघडे ठेवून निपचित पडला असेल, तर हे यंत्र त्याला बहुधा झोपलेलाच समजते. जागेपणाची वेळ कमी आणि झोपेची जास्त दाखवणे, हा मनगटावरून मोजणाऱ्या साधनांचा जुना दोष आहे.

व्यापाऱ्याला हे समजावणे खरे तर अवघड नाही. माल उतरताना हमालाच्या बोलण्यावरून केलेले टिपण आणि वजनकाट्याची पावती यांतला फरक त्याला ठाऊक असतो. टिपणही उपयोगाचे असते. पण त्यावर कोणी पैसे चुकते करीत नाही. काकाजींनी मात्र या टिपणावर पुरता भरवसा ठेवला, कारण ते छापल्यासारखे सुबक दिसत होते. हा आकड्यांचा गुणच म्हणायचा. शेजाऱ्याने ‘बरे दिसता’ म्हटले तर आपण मनावर घेत नाही, पण यंत्राने ‘८१’ म्हटले की ते खरे वाटते.

घरात याला विरोध एकट्या काकीजींचा होता. त्यांची तक्रार साधी होती आणि ती बँड येण्याच्या कितीतरी आधीपासूनची होती. काकाजी घोरत. मध्येच घोरणे थांबे, खोली एकदम शांत होई, त्या शांततेत काकीजी श्वास रोखून मोजत राहत, आणि मग एक मोठा हुंदक्यासारखा आवाज होऊन घोरणे पुन्हा सुरू होई. ‘अहो, तुम्ही घोरता त्याचं मला काही नाही,’ त्या म्हणत. ‘घोरणं मध्येच थांबतं ना, तेव्हा जीव घाबरतो माझा.’ यावर काकाजी मोबाईल पुढे करीत. रात्रभराच्या आलेखात निळ्या-जांभळ्या पट्ट्या, गुण ब्याऐंशी, जाग फक्त दोनदा. यंत्र आणि बायको यांच्या साक्षीत तफावत आली तेव्हा घराने, अनेक घरे करतात तसे, यंत्राची साक्ष ग्राह्य धरली.

दिवसाची लक्षणे तर उघड होती. सकाळी डोके जड असे. दुपारी गादीवर, गिऱ्हाईक समोर असतानाही, काकाजींची मान खाली येई. काकीजी धार्मिक परीक्षांना बसलेल्या. दर्शनावरणीय कर्माच्या नऊ भेदांत पाच निद्रेचे आहेत, हे त्यांना पाठ होते : सहज जाग येते ती निद्रा, मुश्किलीने जाग येते ती निद्रानिद्रा, बसल्या-उभ्या येते ती प्रचला, चालता-चालता येते ती प्रचला-प्रचला, आणि झोपेतच दिवसाचे योजलेले काम करवणारी स्त्यानर्द्धी. ‘तुमची ही प्रचला आहे,’ असे त्या चेष्टेने म्हणत. बँडच्या तीन रंगांत मात्र बसल्या जागी येणाऱ्या या झोपेला रकानाच नव्हता.

मग रस्त्यावरचा तो प्रसंग घडला. काकाजींच्या धाकट्या भावाचे दुकान बारामतीला आहे. आठवड्यातून एकदा ते गाडी घेऊन तिकडे जात आणि रात्री परतत. सुमारे पन्नास किलोमीटरचा रस्ता. सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी ही गावे मागे टाकीत इंदापूर येते. गाळपाच्या हंगामात या रस्त्यावर रात्रभर उसाची वाहने असतात. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यांवर कर्कश गाणी, आणि मागे लाल दिवा किंवा चमकपट्टी असेल तर असेल. बेलवाडीच्या पुढे काकाजींचा डोळा लागला. क्षणभरच. गाडी डांबर सोडून कडेच्या मुरमावर उतरली, त्या खडखडाटाने ते जागे झाले, आणि समोर वीस-पंचवीस हातांवर उसाची ट्रॉली होती. काही झाले नाही. गाडीला ओरखडाही आला नाही. त्या सकाळी त्यांच्या वहीत गुण होते ८४.

दुसऱ्या दिवशी ते आपण होऊन डॉक्टरांकडे गेले, काकीजींना बरोबर घेऊन. डॉक्टरांनी बँडचा आलेख पाहिला आणि बाजूला ठेवला. त्यांनी विचारले ते असे : मोठ्याने घोरता का? दिवसा थकवा येतो का, डुलक्या लागतात का? झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का? रक्तदाब आहे का? मग वय, वजन आणि गळ्याचा घेर. जगभर डॉक्टर निद्राश्वसनरोधाचा संशय ठरवण्यासाठी हेच प्रश्न वापरतात. त्यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर काकाजींना देताच येत नव्हते. ते काकीजींनी दिले, आणि त्या उत्तराला त्या खोलीत प्रथमच पुराव्याची किंमत आली.

पुढे पुण्याच्या एका रुग्णालयात एक रात्र काढून झोपेची पूर्ण तपासणी झाली. डोक्याला, डोळ्यांच्या कडांना आणि हनुवटीला तारा, छातीला नि पोटाला पट्टे, नाकापाशी हवेचा प्रवाह मोजणारी नळी, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा. तंत्रज्ञ या नोंदी तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांनी वाचतात. झोपेच्या अवस्था ठरतात त्या मेंदूच्या लहरींवरून; १९५३ साली शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची निद्रा ओळखली, तेव्हापासून डोळ्यांच्या हालचालीही मोजल्या जातात. हा खरा वजनकाटा. त्याच्या पावतीवर लिहिले होते की, काकाजींचा श्वास तासाला तीसपेक्षा अधिक वेळा थांबत किंवा अपुरा पडत होता. पाचाच्या आत हे प्रमाण सामान्य, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, आणि तिसाच्या वर तीव्र.

या विकारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते. दहा सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, श्वास सुरू होतो आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. हात या साऱ्यात फारसा हलत नाही, म्हणून मनगटावरचा पट्टाही ही रात्र शांत झोपेची म्हणून नोंदवू शकतो. काकाजींच्या बँडमध्ये प्राणवायू मोजण्याची सोय होती, पण बॅटरी वाचावी म्हणून ती रात्री बंद ठेवलेली होती. काही नव्या महागड्या घड्याळांना या विकाराची शंका दाखवण्याची परवानगी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये दिली आहे. शंका दाखवण्याची, निदान करण्याची नव्हे. घड्याळ गप्प राहिले म्हणजे विकार नाही, असे त्यांचे उत्पादकही म्हणत नाहीत.

उपाय म्हणून सीपॅप नावाचे यंत्र आले. नाकावर मुखवटा लावून हवेच्या हलक्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवणारे. सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिवन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. पहिले आठ-दहा दिवस काकाजींना मुखवट्याने गुदमरल्यासारखे झाले. मग सकाळचे जड डोके हलके होऊ लागले आणि गादीवरची मान खाली येईनाशी झाली. काकीजींची अडचण उलटीच होती. इतक्या वर्षांनी खोलीत शांतता आली आणि त्या शांततेने त्या दचकून उठत.

त्याच घराच्या बारामतीच्या शाखेत या यंत्राने वेगळाच खेळ केला. धाकट्या भावाच्या सुनेने असाच बँड घेतला होता. तिची प्रकृती उत्तम, झोपही वयाला साजेशी. पण ‘गाढ झोप कमी’ असा शेरा रोज सकाळी पाहून तिला खरोखरच थकल्यासारखे वाटू लागले. गुण वाढावेत म्हणून ती नऊ वाजताच अंथरुणावर जाई, आणि अकरापर्यंत छताकडे पाहत पडे. मध्यरात्री जाग आली की आता आकडा खाली जाणार या काळजीने पुन्हा डोळा लागेना. या प्रकाराला नावही आहे. अमेरिकेतील केली बॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असा शब्द योजला. निर्दोष झोपेच्या हव्यासाने आलेली निद्रानाशाची अवस्था, असा त्याचा आशय. प्रयोगशाळेने झोप चांगली असल्याचे दाखवूनही आपल्या बँडवरच विश्वास ठेवणारे रुग्ण त्यांना भेटले होते. सुनेला कोणी व्याख्यान दिले नाही. सासूबाईंनी बँड दहा दिवस आपल्या कपाटात ठेवून घेतला. तो परत मागण्याची आठवण सुनेला राहिली नाही.

झोप ही एकेकट्या माणसाची खासगी बाब समजून हे आकडे वाचले की आणखी एक चूक होते. काकाजींच्या दुकानात येणारा शेतकरी आठवड्यातल्या काही रात्री उसाला पाणी द्यायला शेतात उभा असतो, कारण पंपाची वीज त्या आठवड्यात रात्रीची असते. वालचंदनगरच्या किंवा बारामती एमआयडीसीच्या कामगाराची झोप पाळीप्रमाणे फिरते. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करीत इंदापुरी मुक्कामाला येते तेव्हा सारे गावच जागे असते. वारकऱ्यांच्या पंक्ती वाढणाऱ्या पेठेतल्या मंडळींच्या मनगटांवर दुसऱ्या दिवशी एकजात ‘अपुरी झोप’ उमटते. त्या शेऱ्याला कोणी औषध शोधत नाही. शेतकऱ्याच्या झोपेचे औषध डॉक्टरांकडे नाहीच, ते वीज वितरणाच्या वेळापत्रकात आहे.

चेन्नईतील एक अभ्यास येथे आठवतो. २०२१ मध्ये ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये तो प्रसिद्ध झाला. कमी उत्पन्नाच्या ४५२ लोकांच्या मनगटांवर झोप मोजणारी साधने बांधली. हे लोक रात्री सुमारे आठ तास अंथरुणावर असत, पण प्रत्यक्ष झोप साडेपाच तासांची. उकाडा, डास, गोंगाट यांनी ती पुनःपुन्हा तुटे. सल्ला, सोयी आणि पैशांचे प्रोत्साहन देऊन त्यांची रात्रीची झोप सरासरी सत्तावीस मिनिटांनी वाढवली. कामात आणि कमाईत मोजण्याजोगा फरक पडला नाही. याउलट कामाच्या ठिकाणी दुपारी अर्धा तास शांत जागी झोपू दिले, तेव्हा कामाचा वेग, एकाग्रता आणि मनःस्थिती सुधारली. पुण्याची दुकाने एक ते चार बंद राहतात म्हणून सारा महाराष्ट्र हसतो. त्या हसणाऱ्यांनी हा अभ्यास वाचायला हरकत नाही.

काकाजींच्या बाबतीत शेवटचा पेच वेगळाच निघाला. सामायिकात बँड काढून ठेवावा लागतो, त्याविषयी घरात कधी प्रश्न आला नाही. बॅटरीची वस्तू अंगावर नको म्हणून अठ्ठेचाळीस मिनिटे मोजायला स्थानकात अजूनही वाळूचे घड्याळ असते. पण संवत्सरीला अहोरात्र पौषध करण्याचा काकाजींचा नेम बावीस वर्षांचा. स्थानकात, साध्या आसनावर, दिव्याशिवाय रात्र. तेथे विजेचे यंत्र कसे चालणार? डॉक्टरांनी बजावले होते की एकही रात्र यंत्राविना काढू नका. उपवासात औषधाच्या वेळाही सांभाळाव्या लागतात, हे त्यांनी वेगळे सांगितले होते. एक रात्र कुशीवर झोपून काढली तर काय होते, असे काकाजींनी घरात दोनदा विचारले. काकीजींनी उत्तर दिले नाही. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या.

या पर्युषणात त्यांनी दिवसाचा, चार प्रहरांचा पौषध केला, संध्याकाळी संवत्सरी प्रतिक्रमण केले आणि रात्री घरी आले. पेठेत कोणी विचारले तर ते कारण लपवत नाहीत. उलट जो जोरात घोरतो असे कळते, त्याला ते गादीवर बसवून घेतात आणि त्याच्या घरच्यांना विचारून यायला सांगतात. आतापर्यंत दोघे जण तपासणीला पुण्याला जाऊन आले. वही अजून चालू आहे. तिच्यातला ‘गुण’ हा रकाना आता रिकामा असतो. निजण्याची आणि उठण्याची वेळ लिहिली जाते, आणि ‘शेरा’ या रकान्यात काकीजींना विचारून लिहिलेले असते.